परक्या केसांचा नवस

व्हिएतनामची लढाई माझ्या बायकोनं थांबवली. यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नका. विश्वास ठेवणाऱ्या माणसांनी माझं लई नुकसान केलंय. मला लागतं ते अर्ध्या वाटेत हात वर करून ‘बस करा आता’ म्हणणारं माणूस.

असं माणूस माझ्या घरातच होतं. चतुराबाई, माझी बायको. लग्न झाल्यापासून माझी एकही गोष्ट तिनं धड शेवटापर्यंत जाऊ दिली नाही. मी पारावर बसून वाघ मारला, की ही डोक्यावर हंडा घेऊन जाता जाता म्हणायची, “मांजर व्हतं. अन् तेबी पळून गेलं.” सगळा पार हसायचा. मग मी पुढचा वाघ जरा मोठाच मारायचो, म्हणजे तिनं कापून कापून निदान कुत्र्याएवढा तरी उरावा. असा आमचा संसार.

दसरा झाला आणि तिच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली. उजवा हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं. औरंगाबादच्या घाटी दवाखान्यात पोरं रडली, सुना रडल्या, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची म्हातारी आईसुद्धा रडली. मी नाही रडलो. पुंजारामच्या डोळ्याला पाणी ठाऊक नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

हात आणि पाय थोडे थोडे परत आले. बोलणं आलं नाही. हर्सूलला मुलाच्या घरी खिडकीपाशी तिची खाट टाकली. तिला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं. चहात साखर कमी पडली तर डाव्या हातानं कप लोटून देते. पण तोंडातून शब्द म्हणून नाही. मी वाघ मारला तरी नाही.

तिला बोलायला शिकवायला प्रमोदिनीबाई येतात. बाई कसली, पोरगीच आहे, सिडकोतून स्कूटरवर येते. तिच्या पिशवीत चित्रं असतात. आंबा, घोडा, कपबशी. ती एकेक चित्र समोर धरते. चतुरा आधी चित्राकडं बघते, मग पोरीकडं बघते, मग भिंतीकडं. जणू म्हणतेय, घोडा तुला पण दिसतोय, मला पण दिसतोय, त्यात बोलायचं काय.

एकदा प्रमोदिनीबाईंनी मला ओट्यावर बोलावलं. “आजोबा, त्यांचा आवाज शाबूत आहे. शब्दही आत आहेत. पण त्यांना बोलावंसं वाटत नाही. हे पहिले महिने फार मोलाचे असतात. नंतर अवघड होत जातं.”

“किती अवघड?”

ती स्कूटरच्या किल्लीशी खेळत राहिली. मला कळलं.

“पूर्वी त्या कशावर जास्त बोलायच्या?” तिनं विचारलं.

“माझ्या खोट्यावर.”

ती हसली. मग हसायची थांबली. “मग बोला ना खोटं. त्यांना तुमची चूक काढावीशी वाटली, तर शब्द आपोआप येईल.”

“किती बोलू?”

“लागेल तेवढं.”

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी खोटं औषध म्हणून लिहून दिलं. जेवणाआधी घ्यायचं का जेवणानंतर, एवढंच विचारायचं राहिलं.

आधी मी हलका डोस दिला. सोनं स्वस्त झालं म्हणून सांगितलं. शेजारच्या फकिराला ह्या वयात नवे दात फुटले म्हणून सांगितलं. चतुरानं एकदा फकिराच्या घराकडं बघितलं, बस. मग मी ठरवलं, आता मोठीच गोष्ट काढायची. जी तिनं माझ्याकडून हजारदा ऐकली आणि हजारदा मधेच तोडली, ती. त्या दुपारी प्रमोदिनीबाई चित्रं काढायला लागल्या तर मी म्हटलं, “ताई, घोडा राहू दे. आज मी अमेरिका आणलीय.”

खुर्ची खाटेजवळ ओढली आणि सुरुवात केली.

निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी चड्डी घालायला शिकत होतो. म्हणजे बांगलादेशच्या लढाईच्या सुमारास मी चांगला भरात आलेला गडी. आमचं गाव खुलताबादच्या अलीकडं, डोंगराच्या कडेला. सीताफळाच्या दिवसांत मी बैलगाडी भरून वेरूळला लेण्यांपाशी विकायला जायचो. तेव्हा तिथं हिप्पी यायचे. गोरे पोरं-पोरी, गळ्यात मणी, कपडे असे की आमच्या शेतातल्या बुजगावण्यानंसुद्धा परत केले असते. एक दिवस त्यांची टोळी गोव्याला निघून गेली आणि एक पोरगा मागं राहिला. झाडाखाली तापानं फणफणत पडलेला. नाव त्याचं ग्लेन. आमच्याकडं त्याचं गिलेन झालं. मी त्याला गाडीत घातलं, सीताफळाच्या रिकाम्या टोपल्या उशाशी दिल्या आणि घरी आणलं. चतुरानं त्याला पेज पाजली, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, आणि मला विचारलं, “एवढं लांबचं माणूस आणलंत, येताना मीठ का नाय आणलं?”

ताप उतरला. गिलेन ओसरीवर उन्हाला बसायला लागला. त्याचे केस गुडघ्यापर्यंत होते.

इथं मी खाटेकडं बघितलं. खरं तर गिलेनचे केस खांद्याखाली चार बोटंच होते. चतुराचं डावं बोट चादरीवर हललं, पण तोंड मिटलेलंच.

“गुडघ्यापर्यंत?” प्रमोदिनीबाई म्हणाल्या. “बापरे.”

हीच अडचण. ही पोरगी विश्वास ठेवते.

आता आमच्याकडं बाप्यामाणसानं केस राखले, तर त्याचा अर्थ एकच. नवस. काही मागितलंय, ते मिळेपर्यंत वस्तऱ्याला हात लावू द्यायचा नाही. चतुराला गिलेनचे केस बघून दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. गावात इंग्रजी येणारे एकच, शाळेतले मुकुंद मास्तर. चतुरानं त्यांना ओसरीवर बोलावलं.

“मास्तर, इचारा त्याला, नवस कशाचा हाय.”

मास्तरांनी विचारलं. गिलेन लई वेळ बोलला. हातवारे करून, मधेच दातओठ खाऊन. मास्तर म्हणाले, “वहिनी, याच्या सरकारनं याला व्हिएतनामात लढायला बोलावलंय. हा म्हणतो, तिथल्या माणसांनी माझं काय वाईट केलंय, मी त्यांना का मारू. फौजेत घेतलं की पहिलं डोकं भादरतात. म्हणून यानं केस राखले. लढाई थांबेपर्यंत कात्री लावणार नाही म्हणतो. तिकडं अशी लाखो पोरं आहेत. रस्त्यावर बसतात, गाणी म्हणतात, पोलिसांचा मार खातात.”

“म्हंजी नवसच,” चतुरा म्हणाली. “कोणत्या देवाला बोललाय?”

मास्तरांनी विचारलं. गिलेन हसला आणि मान हलवली.

“कोणत्याच नाही म्हणतो.”

चतुरा उंबऱ्यावर मटकन बसली. “लाखो पोरं केस राखून बसल्यात, अन् देवाला कुणी सांगितलंच नाय? मग लढाई थांबवायची कुणी?”

“अहो वहिनी, हा निषेध आहे. सरकारविरुद्धचा.”

“करू द्या ना निषेध. म्या कुठं नको म्हणती. पर कुणाच्या तरी कानावर घाला. असे बिनधन्याचे केस किती दिस ठिवायचे?”

दुसऱ्या दिवशी तिनं गिलेनला हाताला धरून खुलताबादला नेलं, भद्रा मारुतीच्या देवळात. तिथला मारुती झोपलेला आहे, आडवा. गिलेननं खुणेनं विचारलं, देव आजारी आहे का. चतुरा म्हणाली, नाय, ऐकतोय. तिनं त्याचे दोन्ही हात जोडून दिले आणि मोठ्यानं म्हणाली, “मारुतीराया, ह्या पोराचे केस आजपासून तुझ्या नावाचे. लढाई थांबू दे, अन् ह्याची अन् ह्याच्या माईची भेट व्हऊ दे. रोडग्याचं जेवण घालीन.” रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे जाड गोळे. वर वरण, वांग्याची भाजी आणि तूप. मारुतीला दुसरं काही चालत नाही.

केसांची लांबी सोडली तर इथपर्यंत सगळं खरं होतं. त्यामुळं चतुरा गप्प राहिली तर माझी तक्रार नव्हती. आता मी कामाला लागलो.

“मग काय झालं ताई,” मी म्हटलं, “आमच्या सगळ्या गावानं केस राखले. एका परदेशी पोराच्या डोक्यावर एवढी मोठी लढाई कशी पेलणार? म्हातारे, पोरं, पाटील, झाडून सगळे. सांडू न्हाव्यानं तेवढा विरोध केला. वस्तरा पुढ्यात ठेवून चावडीसमोर उपोषणाला बसला. म्हणाला, अमेरिकेनं व्हिएतनामवर बाँब टाकले तर टाकले, माझ्या पोटावर का टाकता.”

“खरंच? मग?”

“मग तिसऱ्या दिवशी त्याला पण पटलं. त्यानं स्वतःचेच राखले.”

“किती सुंदर,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

खरं म्हणजे केस राखले होते ते दोन-चार तरण्या पोरांनी. त्यांना व्हिएतनामशी घेणंदेणं नव्हतं. गिलेनसारखं दिसायचं होतं. आयांनी दटावलं की छातीवर हात ठेवून सांगायचे, नवस आहे. आज माझा नातू पण राखतो. कशासाठी विचारलं तर त्याला नवससुद्धा सांगता येत नाही.

खाटेकडं बघितलं. चतुरा माझ्याकडं बघत होती. ओळखीच्या नजरेनं, पण कुलूप लावलेल्या.

“आणि मग आरमार आलं,” मी म्हटलं.

हे आरमार मात्र इतिहासात आहे. बांगलादेशची लढाई पेटली आणि अमेरिकेनं आपल्याला दटावायला बंगालच्या समुद्रात जहाजं धाडली. त्या संध्याकाळी रेडिओवर हे ऐकलं आणि पारावरची सगळी माणसं गिलेनकडं वळून बघायला लागली. कालपर्यंत आमच्यात बसून हरभरा सोलणारा पोरगा एका बातमीत परका झाला. माझा मोठा भाऊ रामकिसन म्हणाला, हेर असंल, कोंडा त्याला. गिलेनला शब्द कळले नाहीत, पण आवाज कळला. तो उठून उभा राहिला.

तेवढ्यात चतुरा आली आणि रामकिसनभाऊंच्या समोर उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला. थोरल्या दिरासमोर बोलायची रीत नव्हती, म्हणून माझ्याकडं तोंड करून बोलली. “भाऊजींना सांगा, मारुतीच्या नवसाचं माणूस हाय. हात लावायचा नाय.”

कोणी लावला नाही.

दोन दिवसांनी औरंगाबादला क्रांती चौकात अमेरिकेविरुद्ध मोर्चा निघाला. आमच्या गावचा ट्रक भरला, तर गिलेन आधीच वर चढून बसलेला. अख्ख्या मोर्च्यात सगळ्यात मोठ्यानं घोषणा देणारा माणूस अमेरिकेचाच होता. ‘लढाई बंद करा’ एवढं मास्तरांनी त्याला शिकवलं होतं. पोलिसानं त्याची कॉलर धरून विचारलं, कुठला रे तू. गिलेन म्हणाला, “आमी खुलताबादचे.” पोलिसानं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि कॉलर नीट करून सोडून दिलं.

“आणि ताई, त्याच दिवशी संध्याकाळी आरमार मागं फिरलं. आमचा आवाज पोचला. रेडिओवर नाव घेऊन सांगितलं, पुंजारामच्या ट्रकमुळं.”

मी खाटेकडं बघितलंच नाही. मला भीती वाटली. मग बघितलं. चतुरा खिडकीबाहेर बघत होती.

ज्या बाईनं माझं मांजर कधी सुटू दिलं नाही, तिनं अख्खं आरमार जाऊ दिलं.

औषध अर्ध्यावर सोडायचं नसतं. मी पुढं निघालो. मधलं वर्ष भरभर उडवलं. गिलेन नांगर धरायला शिकला, भाकरी थापायला शिकला, चतुराला माई म्हणायला शिकला. दर शनिवारी तिच्याबरोबर मारुतीला जायचा आणि तिथं वाकून डोकं दाखवायचा, जसा पोस्टमनला पत्ता दाखवावा. मग एका सकाळी रेडिओवर आलं, समझोता झाला, अमेरिकेची फौज व्हिएतनाममधून परत निघाली. गिलेन गोठ्यासमोर शेण काढत होता. मी ओरडून सांगितलं. तो पाटी तशीच धरून उभा राहिला. चतुरानं त्याच्या हातातली पाटी घेतली आणि म्हणाली, “बस. आता फेडायचा.”

“सांडूनं वस्तरा पाजळला,” मी म्हटलं. “सगळ्या गावाचे केस उतरले. पोतीच्या पोती भरली. विमानानं दिल्लीला गेली, तिथून अमेरिकेला. आजही तिकडं काचेच्या कपाटात आहेत, खाली लिहिलंय, मौजे खुलताबाद.”

“मला बघायला हवं,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या. पण आता त्यांचं गोष्टीत लक्ष नव्हतं. माझ्यासारख्याच खाटेकडं बघत होत्या.

शेवटचा डोस मी राखून ठेवला होता. आरमार फसलं, पोती फसली तरी हा फसणार नाही, याची मला खात्री होती. रामकिसनभाऊंची बायको आवडाबाई आणि चतुरा, दोघी जावा. जन्मभर एकमेकींच्या चुलीवर डोळा. तिच्या भाकरीला पापुद्रा सुटत नाही, हिच्या वरणाला चव नाही. आवडाबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण चतुरा अजून तिच्याशी चढाओढीनं स्वयंपाक करत होती.

“एकच वाईट झालं,” मी म्हटलं, आणि खुर्ची पुढं ओढली. “नवसाच्या जेवणाचे रोडगे कच्चे निघाले. आतून निव्वळ पीठ. वरण आळणी. पंगत बसलेली, मारुतीचा नैवेद्य, आणि चतुरानं सगळं बिघडवलं. शेवटी आवडाबाईला हाका मारून आणलं. तिनं सगळं निस्तरलं, म्हणून गावाची अब्रू राहिली.”

मी थांबलो.

पंखा फिरत होता. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. चतुरानं माझ्याकडं बघितलं. पूर्ण बघितलं, नीट बघितलं. आणि डोळे मिटून घेतले.

मला वाटलं, संपलं. आता मी जन्मभर वाघ मारत बसणार आणि ते सगळे वाघ माझ्या घरात तसेच मोठेच्या मोठे पडून राहणार. कोणी कापणार नाही.

प्रमोदिनीबाईंनी चित्रं पिशवीत भरली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आजचं पुरे, आजोबा. पुढच्या वेळी बघू.” पण पोरगी सभ्य. असं मधेच उठून जावंसं तिला वाटेना. दारात थांबून म्हणाली, “आणि ग्लेन? तो गेला का मग?”

“गेला,” मी म्हटलं. आता मला खोटं बोलायचं कारण नव्हतं, आणि जीवही नव्हता. “स्वतःच्या घरी जाता येत नव्हतं. गेला असता तर तुरुंगात घातलं असतं. पण त्याची आई शेजारच्या देशात, कॅनडात, त्याला भेटायला येणार होती. केस उतरल्यावर एवढंसं पोरगं दिसायला लागला. कान पुढं आलेले. चतुरानं एक रोडगा फडक्यात बांधून दिला. म्हणाली, माईला दे, म्हणावं नवस फिटला. तो तिच्या पाया पडला. शिकवलं नव्हतं कोणी.”

“मग भेट झाली त्यांची?”

“पुढचं काही कळलं नाही. ही म्हणायची, झाली असणार. मारुती अर्धं काम करत नाही.”

प्रमोदिनीबाईंनी पिशवी परत खाली ठेवली.

“सगळं गाव एसटीपर्यंत सोडवायला आलं. सांडू रडला, मास्तर चष्मा पुसत होते. रामकिसनभाऊ, जे त्याला कोंडायला निघाले होते, ते हुंदके देत होते. हिनं तर पदर तोंडावरून काढलाच नाही.”

“आणि तुम्ही?”

“मी कशाला रडतोय. घरी आलो, बैलांना पाणी दाखवलं, लागलो कामाला. डोळ्यांत टिपूस नाही.”

खाटेवरून आवाज आला. गंजलेला रहाट पहिल्यांदा फिरवावा तसा. मला वाटलं ठसका लागला, मी पाण्याचा तांब्या उचलला. प्रमोदिनीबाईंनी माझं मनगट धरून मला जागेवर थांबवलं.

चतुराचे डोळे उघडे होते. तोंडाची डावी बाजू हलत होती, ओठ काहीतरी शोधत होते, सापडत होतं, निसटत होतं, पुन्हा सापडत होतं. डावा हात चादरीवरून उठला आणि त्याचं एक बोट माझ्यावर येऊन थांबलं.

“ल… लबाड,” ती म्हणाली. श्वास घेतला. “गोठ्यात… बैलाच्या… गळ्यात पडून… रडले… तुमी.”